ग्रह कशाला बांधले आहेत?

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना वाचकांच्या सोयीसाठी थोडी भर घातली आहे.)



मी बी. ए., बी. एड. माणूस. इतिहास आणि भूगोल हे माझे विषय. असा माणूस ग्रहगोलांवर बोलायला उभा राहिला याचे काहींना नवल वाटेल. पण सूर्यमाला भूगोलाच्या तासालाही येते, आणि तिच्यातच माझी फजिती झाली. ती फजिती आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कशासाठी आहे ते ध्यानात येईल.

आपल्या बहुतेक शाळांच्या कपाटात सूर्यमालेची एक तारेची प्रतिकृती असते. मधे पिवळा चेंडू, त्यातून निघालेल्या तारा आणि तारांच्या टोकाला रंगीत गोळे. आमच्या प्रतिकृतीतील शनीचे कडे केव्हाच तुटले आहे. ही प्रतिकृती टेबलावर ठेवून मी एके दिवशी नववीच्या वर्गाला सांगत होतो की, अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून अंतराळवीर यानात तरंगतात. हे वाक्य मी नऊ वर्षे सांगत आलो होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, तिथे गुरुत्वाकर्षण नाही, तर चंद्र कशाला बांधला आहे? तो तर अंतराळवीरांपेक्षा कितीतरी लांब आहे. त्याला तर तारपण नाही."

मी काय उत्तर दिले असेल ते माझ्या सहकाऱ्यांनी ओळखलेच असेल. "पुढच्या वर्षी कळेल, बस खाली." मुलगी बसली. पण प्रश्न काही बसला नाही. घरी गेल्यावर पुस्तके काढली, विज्ञानाच्या शिक्षकांना फोन केला, आणि समजले की नऊ वर्षे मी चुकीचे शिकवीत होतो. अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तेथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या शेकडा ८९ इतकी असते. म्हणजे जवळजवळ सगळी! मग ती माणसे तरंगतात कशी? ते पुढे येईल.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला आपुलकीने सल्ला दिला, "मुलांपुढे चूक कबूल करू नका. वर्गावरचा वचक जातो." मी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर ते वाक्य लिहून त्यावर काट मारली. वचक गेला की नाही ते मला सांगता येणार नाही. प्रश्न मात्र वाढले, हे खरे.

त्यातूनच पासलीची सहल ठरली. आमचे एक सहकारी मूळचे पासलीचे. नसरापूरवरून वेल्ह्याला, तेथून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर तोरण्याच्या मुलखात हे गाव आहे. पावसाळ्यात तेथे आभाळ महिनोन्महिने दिसत नाही, पण हिवाळ्यात रात्री असा काळोख पडतो की शहरातल्या मुलांना आधी भीतीच वाटली. २४ जानेवारी २०२५, शुक्रवार. जुम्म्याची नमाज आटोपून आम्ही निघालो. मुलींबरोबर दोन शिक्षिका होत्या, आणि त्यांची सोय सहकाऱ्यांच्या घरी केली होती. त्या मुलीच्या वडिलांना परवानगीसाठी मी स्वतः भेटलो होतो. ते टेंपो चालवतात. "सहलीला न्या सर, पण दहावीनंतरचं आत्ताच काही विचारू नका," असे ते हसत म्हणाले. मीही विचारले नाही.

संध्याकाळी पश्चिमेला शुक्र लखलखत होता आणि त्याच्या खाली शनी. डोक्यावर रोहिणीजवळ गुरू, आणि पूर्वेला पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांशेजारी लालसर मंगळ. अमावास्या जवळ आली होती, त्यामुळे चंद्राचा त्रास नव्हता. घरमालक बाबा शेकोटीजवळ बसले होते. त्यांनी मुलांना तिकांडे दाखविले, म्हातारीची खाट आणि ती नेणारे तीन चोर रात्री उशिरा वर येतील असे सांगितले, आणि मग मंगळाकडे बोट करून म्हणाले, "मास्तर, ही तांबडी चांदणी मार्गशीर्ष लागला तवा हितं न्हवती. त्या जोडीच्या पार खाली व्हती. आता मागं सरकून जोडीपाशी आली."

वाचकहो, बाबांनी दुर्बीण पाहिलेली नाही. पण जी गोष्ट पाहून जगातल्या विद्वानांनी दोन हजार वर्षे डोके खाजविले, ती त्यांनी नुसत्या डोळ्यांनी टिपली होती. ग्रह ताऱ्यांमधून रोज थोडा थोडा पूर्वेकडे सरकतो. पण मधेच थांबतो, काही आठवडे उलटा पश्चिमेकडे चालतो, पुन्हा थांबतो आणि सरळ होतो. याला आपण ग्रह वक्री होणे म्हणतो. मंगळ डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात वक्री झाला होता, आणि पत्रिका पाहणाऱ्यांनी त्यावर बरेच काही सांगितलेही असेल.

पृथ्वी मधोमध स्थिर आहे असे धरले, तर ग्रह उलटा का चालतो? अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने इ. स. च्या दुसऱ्या शतकात उत्तर दिले की, ग्रह एका लहान वर्तुळावर फिरतो आणि त्या वर्तुळाचे केंद्र मोठ्या वर्तुळावर फिरते. या मांडणीने ग्रहाची जागा बऱ्यापैकी काढता येत असे. ती वेडगळ होती असे मुळीच समजू नये. तिच्यातल्या अडचणींवर ज्यांनी खूप काम केले त्यांत मराग्याच्या वेधशाळेचे नसीरुद्दीन तूसी आणि चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत नमाजाच्या वेळा ठरविणारे इब्न अश-शातिर ही नावे मोठी आहेत. इब्न अश-शातिर यांची चंद्राची मांडणी आणि १५४३ साली छापलेल्या कोपर्निकसच्या ग्रंथातील चंद्राची मांडणी गणिताच्या दृष्टीने एकच आहे, असे गेल्या शतकात अभ्यासकांना आढळले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. काही वक्ते हे ऐकून लगेच म्हणतात की, सगळे आमच्याच लोकांनी आधी शोधले होते. तसे नाही. इब्न अश-शातिर यांनीही पृथ्वी मधोमधच ठेवली. आपल्याकडे भास्कराचार्यांचे असेच होते. ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे असे ते म्हणतात, पण तीच ओढ चंद्राला आणि ग्रहांना लावून त्यांनी गणित केलेले नाही. त्यांनी केले तेवढेच पुष्कळ आहे. न केलेले त्यांच्या नावावर मांडून त्यांचा मान वाढत नाही.

मग सूर्य मधे ठेवल्याने काय साधले? ते मुलांना येतानाच दिसले होते. वेल्ह्याकडे येताना आमच्या गाडीने एका ट्रॅक्टरला मागे टाकले. ट्रॅक्टर आमच्याच दिशेने चालला होता. पण आम्ही त्याला ओलांडीत असताना तो लांबच्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर मागे मागे सरकताना दिसला. पृथ्वी ही आमची गाडी, मंगळ हा ट्रॅक्टर आणि डोंगर म्हणजे तारे. पृथ्वी आतल्या रस्त्याने जलद फिरते, मंगळ बाहेरच्या रस्त्याने सावकाश. सुमारे दोन वर्षे दोन महिन्यांनी पृथ्वी त्याला ओलांडते, तेव्हा तो वक्री झालेला दिसतो. ओलांडताना तो आपल्या सर्वांत जवळ असतो, म्हणून सर्वांत तेजस्वी. आणि सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून सूर्य मावळताना उगवतो. १६ जानेवारीला अगदी तसेच झाले होते. टॉलेमीच्या मांडणीत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडाव्यात म्हणून आकडे तसे बसवून घ्यावे लागत. सूर्य मधे ठेवला की त्या आपोआप घडतात. दोन मांडण्यांमधला फरक मला तरी येथे कळला.

बाबांनी हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग आपुन पळतोय, ती चांदणी न्हाई?" एका मुलाने सांगितले, "दोघंही, बाबा." त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही केळदच्या रस्त्यावर सूर्यमाला मांडली. मापे अशी घेतली की, १० सेंटिमीटर म्हणजे १० लाख किलोमीटर. सूर्य झाला १४ सेंटिमीटरचा रबरी चेंडू. पृथ्वी म्हणजे मोहरीचा बारीक दाणा, चेंडूपासून १५ मीटरवर. चंद्र तिच्यापासून चार बोटांच्या आत. मंगळ खसखशीचा दाणा, २३ मीटरवर. गुरू म्हणजे खेळायची गोटी, ७८ मीटरवर. शनी १४३ मीटरवर, आणि नेपच्यून हा मुगाचा दाणा चेंडूपासून ४५० मीटरवर गेला. तेथे उभ्या राहिलेल्या मुलाला चेंडू दिसेना. मग कोणीतरी विचारले, सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा कोठे ठेवायचा? हिशेब केला, तो सुमारे ४००० किलोमीटर आला. पासलीहून मक्का जेवढी दूर आहे, त्याच्याही पुढे! मुले गप्प झाली. कपाटातल्या तारेच्या प्रतिकृतीत हे अंतर कधी कळले नसते. तिच्यात सगळे गोळे वीतभर अंतरावर असतात.

पण तारेचा मोठा दोष दुसराच. ती ग्रहांना धरून ठेवते, आणि मुलांना वाटते की खऱ्या आभाळातही काहीतरी कडक असे त्यांना धरून आहे. म्हणून बाबांची गोफण मागितली. दगड घालून गरगर फिरविली की हाताला ओढ जाणवते. दोरी दगडाला सारखी आत ओढते, म्हणून तो वळत राहतो. एक टोक सोडले की दगड सरळ निघून जातो. तो हातापासून थेट बाहेर पळत नाही, ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने जातो. हे मोकळ्या शेतात नीट दिसले. अर्थात गोफणही पुरी खरी नाही, कारण दोरी हाताला दिसते आणि तिची लांबी ठरलेली असते. सूर्याच्या ओढीला दोरी नाही आणि अंतर वाढेल तशी ती क्षीण होते.

किती क्षीण होते? ते न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात चंद्रावरून दाखविले. विहिरीत दगड सोडला तर पहिल्या सेकंदात तो ४.९ मीटर, म्हणजे सुमारे १६ फूट पडतो. आपण पृथ्वीच्या केंद्रापासून जेवढे दूर आहोत, त्याच्या ६० पट चंद्र दूर आहे. ओढ जर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत असेल, तर ती तेथे ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० पट कमी हवी. ४.९ मीटरला ३६०० ने भागा. सुमारे १.४ मिलिमीटर येते. आता चंद्राकडे पाहा. एका सेकंदात तो सुमारे एक किलोमीटर पुढे जातो. सरळ गेला असता तर कोठे असता आणि प्रत्यक्षात कोठे असतो, यातला फरक मोजला तर तोही तितकाच, सुमारे १.४ मिलिमीटर. विहिरीतला दगड आणि आभाळातला चंद्र एकाच नियमाने पडतात. चंद्र पडतच असतो. पण पुढेही जात असतो, म्हणून पृथ्वीवर आदळत नाही. अंतराळवीरही यानासकट असेच पडत असतात, म्हणून तरंगताना दिसतात. हे गणित आमच्या नववीच्या मुलांनी पासलीत ओसरीवर बसून केले. त्या मुलीने आपले उत्तर दोनदा तपासले आणि म्हणाली, "सर, म्हणजे चंद्र पडतोय हे खरं, आणि बांधलाय हेही खरं."

याआधी केप्लर होऊन गेला होता. त्याच्याविषयी थोडेच सांगतो. त्याने टायको ब्राहेने नुसत्या डोळ्यांनी घेतलेले मंगळाचे वेध घेतले आणि वर्तुळाकार कक्षेचे गणित त्यांच्याशी जुळविले. फरक राहिला फक्त ८ कलांचा, पूर्णचंद्राच्या रुंदीच्या सुमारे पावभाग. दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. केप्लरने वर्तुळच सोडले, आणि १६०९ साली ग्रहांची कक्षा लंबवर्तुळ असते असे जाहीर केले. पुढे त्याला असेही आढळले की, ग्रहाच्या वर्षाचा वर्ग आणि सूर्यापासूनच्या अंतराचा घन यांचे प्रमाण सर्व ग्रहांना सारखेच असते. हे न्यूटनच्या ओढीतून आपोआप निघते. गुरूचे करून पाहा. वर्ष ११.८६, अंतर पृथ्वीच्या ५.२ पट. दोन्हीकडे सुमारे १४१ येतात.

मांडणी चुकली तर काय करायचे, याची दोन उदाहरणे फार बोधप्रद आहेत. युरेनस ठरल्या वाटेने चालेना. फ्रान्सच्या ल व्हेरिएने म्हटले, पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढीत असला पाहिजे, आणि त्याची जागा गणिताने काढून दिली. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनला गॅलेने दुर्बीण लावली, तो सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला! पुढे बुधही ठरल्या वाटेने चालेना. शंभर वर्षांत ४३ विकलांचा फरक पडे. ल व्हेरिएने पुन्हा तोच उपाय केला. सूर्याजवळ 'व्हल्कन' नावाचा ग्रह असावा असे त्याने सांगितले. अनेकांनी शोधला, पण तो नव्हताच. १९१५ साली आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाची मांडणीच बदलली, तेव्हा त्या ४३ विकलांचा हिशेब लागला. तोच माणूस, तीच रीत. एकदा ग्रह मिळाला, एकदा मिळाला नाही.

आता आपल्याकडच्या एका शिक्षकाची हकीकत. व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. मुंबई इलाख्याच्या शाळाखात्यात त्यांनी नोकरी केली आणि नोकरी सांभाळून ज्योतिर्गणितासारखे ग्रंथ लिहिले. पंचांग आभाळाशी जुळले पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिर्विद संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असे लिहिले. गुरूच्या तीन चंद्रांच्या फेऱ्यांमध्ये जो मेळ लाप्लास याने दाखविला होता, तसाच मेळ दूरच्या ग्रहांतही असावा, असा त्यांचा विचार. एका ग्रहाला त्यांनी ब्रह्मा व दुसऱ्याला विष्णू असे नाव दिले. ब्रह्माचे अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट आणि वर्ष २४२.२८ वर्षांचे असावे असे त्यांचे गणित होते.

१९३० साली अमेरिकेत टॉमबॉ यांना प्लूटो सापडला. अंतर ३९.५ पट, वर्ष २४८ वर्षांचे. केतकरांच्या आकड्यांच्या किती जवळ! प्लूटोची बातमी मार्चमध्ये जाहीर झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर वारले.

ही हकीकत ऐकली की छाती फुगते. माझीही फुगली होती. पण पुढे पाहिले पाहिजे. केतकरांनी गुरूच्या चंद्रांसारखा मेळ धरला होता. प्रत्यक्षात नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन होतात. मेळ आहे, पण तो नव्हे. तो ग्रह आभाळात नेमका कोठे पाहायचा हे त्यांच्या गणितातून निघत नव्हते, आणि विष्णू कधी सापडला नाही. शिवाय प्लूटो आपल्या चंद्राहूनही हलका निघाला. २००६ साली त्याला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह म्हटले गेले, कारण त्याच्या वाटेवर त्याच्यासारख्या इतर वस्तूंचीही गर्दी आहे. "आमच्या वेळी नऊ होते, तुम्ही आठ कसे शिकवता?" असे विचारणाऱ्या पालकांना हे उत्तर.

मुलांना हे सांगितले तेव्हा त्या मुलीने विचारले, "सर, उत्तर जवळजवळ बरोबर, रीत चूक. गणिताच्या पेपरात किती मार्क द्याल?" मी विचारात पडलो. माझे मत असे की, उत्तराला मी फारसे देणार नाही. पण आकडा एकोणीस वर्षे आधी, जगातला कोणीही तपासून चूक काढू शकेल अशा ठिकाणी, दशांशासकट छापून दिला, त्याला मी भरपूर देईन. गोलमाल भविष्य सांगणाऱ्याला ही हिंमत होत नाही. मुलांमध्ये यावर वाद झाला. दोघांनी शून्य दिले.

परत निघताना तिचा शेवटचा प्रश्न होता, "सर, पण मुळात ओढ असतेच का?" न्यूटनला हाच प्रश्न विचारला गेला होता. ओढीचे कारण मला सापडलेले नाही आणि मी नुसते तर्क लढवीत नाही, असे त्याने आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत स्वच्छ लिहिले. आइन्स्टाइन म्हणतो, जड वस्तूंमुळे अवकाश आणि काळ यांनाच वाक येतो आणि ग्रह त्या वाकाने चालतात. मग वाक का येतो, असे ती विचारणार हे ओळखून मी आधीच सांगून टाकले की, ते मला माहीत नाही. ती हसली. या वेळी "बस खाली" म्हणायची पाळी आली नाही, ती गाडीत बसलेलीच होती.

मंगळाची पुढची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ मध्ये, सिंह राशीत आहे. त्याच्या महिनाभर आधीपासून तो मागे सरकू लागेल. वाचकांनी मघा नक्षत्राच्या आसपास रोज पाहावे आणि वहीत टिपून ठेवावे, दुर्बीण लागत नाही. त्या मुलीने आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर ही तारीख लिहून ठेवली आहे. खाली नाव आहे, आणि नावापुढे 'इयत्ता अकरावी'.